कुंपणाबाहेरचा धोका : जुहू विमानतळाचं प्रकरण

पार्ल्याच्या पश्चिमेला एका जुन्या सोसायटीची सभा चालू होती. विषय पुनर्विकासाचा. आर्किटेक्टने टेबलावर रंगीत नकाशा पसरला आणि सगळ्यांनी त्यात डोकी घातली. चौकोनचौकोन, प्रत्येकाला वेगळा रंग, आणि कुठल्या जागेवर इमारत किती उंच जाऊ शकते त्याचे आकडे. पहिला प्रश्न अर्थातच, "आपण कुठल्या रंगात?" दुसरा प्रश्न सत्तरी ओलांडलेल्या एका काकांचा : "पण विमानतळ तर हायवेच्या पलीकडे. त्याचा आपल्याला एवढा जाच का?"

"काका, आपल्याला दोन विमानतळ लागतात," आर्किटेक्ट म्हणाला. "एक ते सांताक्रूझचं, आणि एक हे मागचं, जुहूचं."

"जुहूचं अजून चालू आहे?"

पन्नास वर्षं पार्ल्यात राहिलेला माणूस हे विचारतो, आणि त्यात त्याचं फारसं चुकत नाही. जुहूच्या त्या पट्ट्यावर आता मोठी विमानं येत नाहीत. भिंतीच्या आत गवत, हँगर म्हणजे विमानं ठेवायच्या शेडा, वाऱ्याने फुगणारी विंडसॉकची पिशवी आणि दिवसभर ये-जा करणारी हेलिकॉप्टरं. रिक्षातून जुहू तारा रोडने जाताना बहुतेकांचं लक्ष समुद्राकडे असतं. पण देशातलं पहिलं नागरी विमानतळ म्हणून ज्याची नोंद होते ते हेच. गेल्या नव्वदेक वर्षांत त्याच्याशी जोडलेले धोके पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : कुंपणाच्या आत जे घडलं ते बहुतेक निभावून गेलं. जे निभावलं नाही, ते कुंपणाबाहेरचं होतं. कधी शेजारचं मोठं विमानतळ, कधी समुद्र, कधी लोकांची घरं. हे प्रकरण मांडायचं ते त्यासाठी.

भरतीखालचं मैदान

जुहूचा एअरोड्रोम १९२८ सालचा. त्या वेळी हा भाग मुंबई नव्हताच, मुंबईबाहेरचा किनारा होता : माड, खाजण आणि मधूनमधून वस्ती. त्याच सुमारास बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

१५ ऑक्टोबर १९३२ ची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी निघून, अहमदाबादला इंधन घेऊन, दुपारी टाटा आपल्या पुस मॉथ विमानातून जुहूला उतरले. बरोबर लंडनहून आलेली टपाल, पंचवीस किलोच्या आसपास. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूहून पुढे टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ती टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. भारतातली नियमित हवाई टपाल इथून सुरू झाली.

या गोष्टीचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. जुहूचं मैदान इतकं सखल होतं की पावसाळ्यात, भरतीच्या वेळी, ते पाण्याखाली जायचं. मग टाटांची मंडळी दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक अशी सगळी गाडी गुंडाळून पुण्याला जात आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या शेतातून उड्डाणं करत. जमिनीवर मार्गदर्शनाची यंत्रणा नाही, विमानात रेडिओ नाही. तरी त्यांचं काम नीट चाललं, कारण आपली जागा कुठल्या महिन्यात भरवशाची नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्या महिन्यांत ते तिथे थांबतच नसत. सुरक्षेच्या जाडजूड नियमपुस्तिकेत हे एका ओळीत मावेल, पण ती ओळ पाळायला धंद्याचं वेळापत्रक वाकवावं लागतं. त्यांनी ते वाकवलं. पुढे १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी कराची ते मुंबई तेच उड्डाण पुन्हा केलं आणि पुन्हा जुहूलाच उतरले.

एकाच रेघेत दुसरी धावपट्टी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला रॉयल एअर फोर्ससाठी मोठा तळ झाला. जुहूपासून अंतर अवघं दोनेक किलोमीटर, पूर्वेला. १९४८ मध्ये नागरी वाहतूक तिकडे गेली. जुहू ओस पडलं नाही, पण मागे पडलं. आणि कुणी ठरवून न करता एक विचित्र रचना तयार झाली.

धावपट्टीला जो आकडा असतो तो दिशेचा असतो. ०९ म्हणजे होकायंत्रावर साधारण ९० अंश, म्हणजे पूर्वेकडे तोंड. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९. जुहूची ०८. दोघींच्या दिशेत दहाएक अंशांचा फरक, मध्ये दोन किलोमीटर, आणि जुहूची पट्टी किनाऱ्याला लागून. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या वैमानिकाला किनारा ओलांडताच समोर डांबराची पट्टी दिसते. पण त्याला हवी असलेली पट्टी ही पहिली नसते, दुसरी असते. पहिली जुहूची. लांबी १,१४३ मीटर. सांताक्रूझची आज तिच्या जवळजवळ तिप्पट आहे.

१५ जुलै १९५३ ला ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचं कॉमेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, त्या काळातली सगळ्यात आधुनिक गोष्ट. उतरलं, थांबलं, कुणाला काही झालं नाही. प्रश्न पुढचा होता : आता हे इथून उडवायचं कसं? नऊ दिवस ते जुहूलाच उभं होतं, मग हलकं करून नेलं. तेव्हा लोकांना ती गंमत वाटली असणार. रिक्षावाल्याने चुकून शेजारच्या फाटकात सोडावं, तसं काहीसं.

एकोणीस वर्षांनी गंमत उरली नाही. २४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी जपान एअरलाइन्सचं डीसी-८, लंडनहून टोकियोकडे जाणारं, मुंबईत उतरण्यासाठी आलं आणि जुहूच्या धावपट्टीवर टेकलं. चार इंजिनांच्या त्या जेटला जितकी लांबी लागते त्याच्या निम्म्याच्या आसपास पट्टी समोर होती. विमान पट्टी ओलांडून खड्ड्यात गेलं. आत शंभराहून जास्त माणसं होती. एकही दगावलं नाही, विमान मात्र पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये याच कंपनीचं डीसी-८ दिल्लीजवळ कोसळलं होतं आणि नोव्हेंबरमध्ये तिसरं मॉस्कोजवळ. त्या दोन्ही अपघातांत मिळून दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यामुळे जुहूची घटना त्या कंपनीच्या त्या वर्षाच्या हिशेबात किरकोळ ठरली, आणि आपल्याकडेही विसरली गेली.

आता चूक कुणाची? वैमानिकाची, हे उघड आहे आणि त्यात वाद नाही. पण एकच चूक एकोणीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या देशांच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या अनुभवी माणसांनी केली, तर चुकीला आमंत्रण देणारी जागा असते असंही म्हणायला हवं. लंडनजवळ हेच झालं होतं. १९६० मध्ये पॅन ॲमचं एक ७०७ हीथ्रोऐवजी जवळच्या नॉर्थोल्टला उतरलं. तिथल्या लोकांनी वाटेवरच्या गॅसच्या दोन प्रचंड टाक्यांवर अक्षरं रंगवली, एकीवर हीथ्रोसाठी, एकीवर नॉर्थोल्टसाठी. रंगाचे डबे आणि एक उंच शिडी, एवढाच खर्च.

आज हा धोका जवळजवळ संपला आहे, आणि तो जुहूला काही केल्याने संपलेला नाही. मोठ्या विमानतळावर उपकरणांच्या आधाराने उतरण्याची पद्धत रुळली, विमानाच्या पडद्यावर धावपट्टी नेमकी दिसू लागली. म्हणजे जुहूचा प्रश्न शेजाऱ्याने सोडवला. तो निर्माणही शेजाऱ्यानेच केला होता.

क्लब धुळ्याला, हेलिकॉप्टर समुद्राला

शेजारी वाढत गेला तसं जुहूचं आकाश आक्रसत गेलं. डोक्यावरून मोठ्या विमानांची रांग लागलेली असताना शिकाऊ पोराला चकरा मारायला कुणी सोडणार नाही. ज्या क्लबने या मैदानावर उड्डाण शिकवलं, त्याच बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण शेवटी धुळ्याला गेलं. मुंबईतला मुलगा वैमानिक व्हायला खानदेशात जातो, हे ऐकून हसणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणा निर्णय आहे. धुळ्याला चूक करायला जागा आहे.

जुहूला राहिली ती मुख्यतः हेलिकॉप्टरं. फेब्रुवारी १९७४ मध्ये किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर बॉम्बे हायला तेल लागलं. रिगवर, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरीच्या मंचावर, माणसं न्यायची-आणायची तर बोटीला तासन्‌तास लागतात, त्यामुळे हेलिकॉप्टर आलं. १९८५ मध्ये पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीची स्थापना झाली आणि जुहू तिचा मोठा तळ बनला. इथे रात्रीची वाहतूक नाही. दिवसाउजेडी, वैमानिकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशाच हवेत उड्डाण.

रिगवर जाणाऱ्या माणसाचा दिवस कसा सुरू होतो ते पाहण्यासारखं आहे. आधी वजन. सामानाचं वेगळं, आणि माणसाचंही, कपड्यांसकट. विमानात एक माणूस दहा किलोने जास्त असला तर कुणाच्या लक्षात येत नाही, हेलिकॉप्टरमध्ये तो आकडा इंधनाच्या हिशेबात जातो. मग लाइफ जॅकेट, मग सूचना : कुठली खिडकी ढकलली की निघते, पट्टा कधी सोडायचा. या लोकांनी आधी एक प्रशिक्षण घेतलेलं असतं. तलावात केबिनचा सांगाडा उतरवतात, पाणी भरू देतात आणि आतल्या माणसांसकट उलटा करतात. डोकं खाली, नाकात पाणी, अंधार. एका हाताने खिडकीची कड धरून ठेवायची, सांगाडा थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, मग त्या कडेच्या आधाराने बाहेर. आधी पट्टा सोडला तर माणूस आत तरंगतो आणि दार कुठल्या बाजूला तेच कळत नाही. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि पंखे वर असतात, त्यामुळे पाण्यात पडलं की ते उलटंच होऊ पाहतं. म्हणून हा सराव उलट्याचा.

आणि हे फक्त कागदावरचं नाही. ११ ऑगस्ट २००३ ला तेल कंपनीच्या माणसांना नेणारं एक एमआय-१७२ अरबी समुद्रात कोसळलं, २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी जुहूहून निघालेल्या पवन हंसच्या डॉफिन हेलिकॉप्टरचा संपर्क उड्डाणानंतर लवकरच तुटला. ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक, सातही जण मृत. २८ जून २०२२ ला त्याच संस्थेचं सिकोर्स्की एस-७६डी सागर किरण रिगजवळ पाण्यात उतरलं. नऊ जण आत होते. चौघे गेले, पाच वाचले. वाचलेल्यांना रिगच्या बोटीने आणि जवळच्या मालवीय-१६ या जहाजाने उचललं. म्हणजे जगणं-मरणं ठरलं ते हाकेच्या अंतरावर बोट होती की नाही, यावर. इथेही जुहूच्या कुंपणाच्या आत त्यावर इलाज नाही.

घाटकोपर

आतापर्यंतचे धोके त्या उड्डाणात बसलेल्यांचे होते. २८ जून २०१८ ला ते बदललं.

बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० हे दोन इंजिनांचं छोटं विमान. जुनं, आधी उत्तर प्रदेश सरकारचं, नंतर खासगी कंपनीने घेतलेलं, आणि बराच काळ जुहूच्या हँगरमध्ये दुरुस्तीला असलेलं. त्या दिवशी दुपारी ते चाचणी उड्डाणाला निघालं. आत दोन वैमानिक, दोन देखभाल करणारे. पावसाचे दिवस. एकच्या सुमारास ते घाटकोपर पश्चिमेच्या जीवदया लेनमध्ये, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या जागेत कोसळलं. आतले चौघे आणि रस्त्याने चाललेला एक जण, असे पाच जीव गेले. कामगार जेवायला गेले होते म्हणून आकडा पाचवर थांबला. तिथून जुहू सात-आठ किलोमीटर.

याच्या आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, जुहूहून हौशी फेरीला निघालेलं एक छोटं रॉबिन्सन हेलिकॉप्टर आरे कॉलनीत पडलं होतं. त्यात पायलटसह प्रवासीही गेले. झाडीत पडलं म्हणून खाली कुणी सापडलं नाही.

घाटकोपरनंतर चर्चा झाली ती त्या दिवशीच्या हवेची, विमानाच्या वयाची, परवानग्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो साधा आहे : दीर्घ दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण मुंबईवरून का?

उत्तरही साधं आहे. दुरुस्ती जुहूला झाली, म्हणून. विमान जिथे उघडलं जातं तिथूनच ते पहिल्यांदा उडणार, त्याला ट्रकवर घालून धुळ्याला नेता येत नाही. म्हणजे चाचणीचा धोका चाचणीच्या दिवशी ठरत नाही. हँगर कुठे बांधायचं हे ठरतं त्या दिवशी तो ठरून जातो, आणि पुढे कुणी त्या निर्णयाकडे वळूनही पाहत नाही.

कुणी म्हणेल, उड्डाण समुद्राकडे घ्या. घेतातच. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं, म्हणजे पट्टीच्या २६ (साधारण २६० अंश) दिशेने, चौपाटीवरून सरळ पाण्यावर. छान. पण उतरतानाही वाऱ्याला तोंड द्यायचं असतं, आणि पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं म्हणजे पूर्वेकडून यायचं. जुहूच्या पूर्वेला काय आहे? आधी पार्लं, मग मोठं विमानतळ, मग कुर्ला-घाटकोपर. नकाशावर पट्टी ठेवून पाहावी. १९३२ मध्ये त्याच रेघेखाली भातखाचरं आणि खाजणं होती.

म्हणून मला वाटतं, जुहूला हेलिकॉप्टर राहू द्यावीत. तेलाच्या रिगना तो तळ लागतो, आणि त्यांचा रस्ता मुख्यतः पाण्यावरून आहे. पण पंखांच्या विमानांची मोठी दुरुस्ती इथून हलवावी. महाराष्ट्रात धावपट्ट्या आहेत आणि त्यांतल्या अनेक दिवसदिवस रिकाम्या असतात. याला विरोध होईल तो सोयीचा. इंजिनियर मुंबईत राहतात, सुटे भाग सहारला, म्हणजे मोठ्या विमानतळावर, उतरतात, मालकाला विमान हाताशी हवं असतं. या सगळ्या खऱ्या अडचणी आहेत. टाटांनाही पावसाळ्यात पुण्याला जाणं सोयीचं नसणारच.

उलट्या दिशेचे प्रस्तावही आले. २०१० च्या सुमारास जुहूची धावपट्टी पश्चिमेला वाढवून समुद्रात न्यायची आणि जुहू तारा रोड तिच्याखालून बोगद्याने काढायचा, असा विचार विमानतळ प्राधिकरणाने मांडला होता. त्यावर काही झालं नाही. झालं असतं तर लांबी वाढली असती, पूर्वेकडून उतरण्याची रेघ तीच राहिली असती.

उंचीचा आकडा

परत सोसायटीच्या सभेत येऊ. तिथे या सगळ्याचा अर्थ मीटरमध्ये मोजतात.

धावपट्टीच्या टोकापुढे एक अदृश्य उतार धरलेला असतो, त्याच्या वर काहीही घुसू नये. उपकरणांच्या आधाराने उतरण्याच्या मोठ्या धावपट्टीला तो ५० मीटरला १ मीटर असा निवांत चढतो. जुहूसारख्या लहान, डोळ्यांनी उतरायच्या पट्टीला ढोबळमानाने २५ ला १. म्हणजे उतार सुरू होतो तिथून अर्ध्या किलोमीटरवर जेमतेम २० मीटर, सहा मजले. यालाच आपण फनेल झोन म्हणतो. त्याच्या बाजूला, विमानतळाभोवती, ४५ मीटरचं सपाट छत. दोन विमानतळ शेजारी असले की दोन्ही छत्र्या एकमेकींवर येतात, आणि जी खाली असेल ती लागू. केंद्राचे यासंबंधीचे नियम २०१५ चे, रंगीत नकाशाही त्याच व्यवस्थेतला.

आमच्या काकांचा पुढचा गोंधळ मात्र जवळजवळ प्रत्येक सोसायटीत होतो. एनओसीवरचा, म्हणजे इमारतीच्या उंचीच्या परवानगीपत्रावरचा, आकडा समुद्रसपाटीपासून असतो, जमिनीपासून नाही. प्लॉट समुद्रसपाटीपासून पाच मीटर वर असेल, तर ते पाच आधीच गेले. आणि मोजणी शेवटच्या स्लॅबपर्यंत थांबत नाही. लिफ्टची मशिनरूम, पाण्याची टाकी, वीजरोधक, डिशचा खांब, सगळं धरून. "म्हणजे टाकीने आमचा एक मजला खाल्ला?" असं एका काकूंनी विचारलं. आर्किटेक्ट हसला, पण उत्तर हो असंच होतं.

पार्ल्यातल्या, सांताक्रूझमधल्या कित्येक इमारती यामुळे अडकून पडल्या आहेत. पन्नास वर्षं जुने स्लॅब, गळके संडास, लिफ्ट नाही, आणि वर मजले चढत नाहीत म्हणून बिल्डर फिरकत नाही. पडायला आलेल्या इमारतीत राहणं हाही धोकाच आहे. तो विमानतळामुळे आला तरी विमानतळाच्या सुरक्षेच्या खात्यात तो कधी मांडला जात नाही. सभेत कुणी तरी चिडून म्हणालं, "बंद करा ना मग ते जुहू." त्यावर बराच वेळ कालवा झाला. मग आर्किटेक्टने शांतपणे दुसरा कागद काढला. जुहू उद्या बंद झालं तरी या प्लॉटवर सांताक्रूझची छत्री राहतेच, आणि फरक पडेल तो काही मीटरांचा. नक्की किती, ते सर्व्हेअरने अक्षांश-रेखांश आणि जमिनीची उंची मोजून दिल्यावर कळेल.

सर्व्हेअरला बोलवायचा ठराव झाला. टाकी जमिनीखाली नेता येईल का, हे पुढच्या सभेत बघायचं ठरलं.